मंडळीतले खांदे

चर्चच्या कमिटीसमोर बोलायला मला तीन तास मिळणार होते. मिळाली पंचेचाळीस मिनिटं. तळेगावला कुणाचा तरी साखरपुडा होता आणि अर्ध्या कमिटीला तिकडे जेवायला जायचं होतं. पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, की मुद्दे तेवढे घ्या, बाकीचं आपण प्रार्थनेत सांभाळून घेऊ. फोन ठेवल्यावर मी तयार केलेले सगळे कागद ओट्याच्या कडेला सारले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशीच्या पोळ्या जाड झाल्या.

मी पिंपरीच्या एका शाळेत बावीस वर्षं समुपदेशक होते. घरातल्या भांडणांनी गप्प झालेली मुलं, एकमेकांकडे न बघता माझ्याशी बोलणारे त्यांचे आईवडील, स्टाफरूममध्ये पाठ करून बसणारे शिक्षक, हे माझं रोजचं काम. निवृत्त झाल्यावर लोणावळ्याला आईच्या घरी राहायला आले. माझा बाप्तिस्मा इथल्याच चर्चमध्ये झालेला. त्यामुळे मंडळीतले सगळे मला लहानपणापासून ओळखत होते, आणि त्याच कारणानं मी एवढी वर्षं काय काम केलं हे जाणून घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. मुलांना समजावून सांगायच्या, एवढंच त्यांना माहीत.

पाळकसाहेब मात्र चौकशी करून माझ्याकडे आले होते. पस्तिशीचे, नगरकडचे, स्वतंत्रपणे सांभाळायला मिळालेली ही त्यांची पहिलीच मंडळी. माणूस कष्टाळू आणि मनानं चांगला, पण कुणी रागावलेलं त्यांना सोसायचं नाही. आमच्या व्हरांड्यात बसून चहा गार होईपर्यंत ते बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, सेमिनरीत मला ग्रीक शिकवलं. पण मंडळीतली दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली तर पाळकानं काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही."

ते वाक्य मला आवडलं, म्हणूनच कमिटीसमोर बोलायला मी हो म्हटलं.

भांडण असं होतं. मळवलीजवळच्या भाजे गावात आमच्या मंडळीची सहा घरं आहेत. तिथे एका मावशींच्या पडवीत दर रविवारी दुपारी प्रार्थनासभा भरायची. सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणते. त्यांचं माहेर भाज्याचंच, बौद्ध घर. यजमान ख्रिस्ती, रेल्वेत गँगमन. लग्नानंतर मावशी नवऱ्याबरोबर चर्चला येऊ लागल्या, काही वर्षांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, आणि नवरा निवृत्त झाल्यावर दोघांनी मावशींच्या भावाच्या घराला लागून घर बांधलं. तेव्हापासून अठरा वर्षं सभा त्यांच्याकडे. मावशींना वाचता येत नाही, पण कुणी गीताचा आकडा सांगितला की पुस्तक उघडायच्या आत त्यांनी पहिली ओळ उचललेली असे.

गेल्या दिवाळीनंतर कमिटीनं ठरवलं, की सभा यापुढे मळवली स्टेशनजवळ एका सभासदाच्या बंगल्यातल्या हॉलमध्ये घ्यायची. कारण काही खोटं नव्हतं. बेगडेवाडी, तळेगाव या बाजूला कारखान्यांत कामाला आलेली नवी कुटुंबं लोकलनं मळवलीपर्यंत सहज येऊ शकत होती. पुढे भाज्याला यायचं तर एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून, रविवारी लेण्यांकडे निघालेल्या गाड्यांच्या मधून, पोरंबाळं घेऊन चालावं लागे. सगळं खरं. पण हे ठरवताना मावशींना कुणी विचारलं नाही. निरोप त्यांच्या सुनेच्या व्हॉट्सॲपवर गेला, खाली जोडलेल्या हातांचं चित्र. पुढच्या रविवारपासून भाज्याची सहाही घरं मळवलीला आली नाहीत, आणि लोणावळ्यालाही यायची थांबली.

कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. चर्चची प्रत्येक गोष्ट, नाताळच्या कार्यक्रमापासून अंत्यविधीपर्यंत, सरांच्या यादीप्रमाणे चालायची, आणि खरं सांगायचं तर ती नीट चालायची. भाज्याच्या प्रकाराला सरांनी एकच शब्द दिला होता, बंडखोरी.

त्या पंचेचाळीस मिनिटांत मी संडे स्कूलच्या फळ्यावर एक त्रिकोण काढला. दोन टोकांना भांडलेली दोन माणसं, तिसऱ्या टोकाला ज्याच्याकडे दोघंही येऊन बोलतात तो. मी सांगितलं, की त्या तिसऱ्याला वाटत असतं आपण मदत करतोय, पण तो मध्ये असल्यामुळेच पहिल्या दोघांना समोरासमोर यायची गरज पडत नाही. मंडळीत हा तिसरा माणूस बहुतेक वेळा पाळक असतो, आणि म्हणूनच पाळक थकतात. पाळकसाहेब वहीत लिहून घेत होते. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बाई, हे जगाचं ज्ञान झालं," ते म्हणाले. "शाळेत ठीक आहे. आपल्याकडे क्षमा आहे."

मी म्हटलं, क्षमा कशाची करायची ते आधी कळायला हवं ना. त्यावर सर म्हणाले की कळण्यासारखं काही उरलेलं नाही, सभा हलवली आणि त्यांना राग आला, एवढंच आहे. एका सभासद बाईंनी विचारलं, नाताळच्या आधी सगळ्यांनी मिळून केक घेऊन गेलं तर नाही का चालणार? दुसरे एक जण म्हणाले की या गोष्टी जास्त उकरल्या की वाढतात. मग ऐक्यासाठी प्रार्थना झाली आणि सगळे चपला शोधायला लागले.

दाराशी पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "तुम्हीच एकदा भाज्याला जाऊन याल का? तुमचं ऐकतील त्या."

मागे फळ्यावर त्रिकोण तसाच होता. तिसऱ्या टोकापाशी मी खडूनं जाड ठिपका दिला होता. तो दिसत असूनही मी म्हटलं, बघते जाऊन. कमिटीवर मी पुढे पुष्कळ चिडले, पण त्या 'बघते जाऊन'चा राग अजून माझ्यावरच आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा भात झोडून झालं होतं आणि मावशी सुनेबरोबर पेंढा रचत होत्या. चहा दिला, भाकरी खाऊनच जा म्हणाल्या. सभेचा विषय काढला तर, "हॉल चांगला हाय म्हनं. पंखं बी हायती," एवढंच. दुसऱ्या खेपेला सुनेच्या बाळाचं सगळं ऐकून घेतलं आणि परतले. एक कळलं, की सहा घरं रविवारी सकाळी मावशींच्याच पडवीत जमतात. आमची उपासना चर्चमधून मोबाईलवर थेट दाखवली जाते. सून तिचा फोन डब्याला टेकवून ठेवते आणि सगळे ती बघतात. म्हणजे मंडळी सोडलेली नव्हती. हे मी कमिटीला सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "मग यायला काय होतं?"

नाताळच्या आठवडाभर आधी तिसऱ्यांदा गेले. मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मीही एक सूप ओढून समोर बसले आणि निवडायला लागले. यावेळी मी काही विचारलं नाही. बराच वेळ दोघी खडे बाजूला काढत होतो. मग त्या आपणहून बोलायला लागल्या, मान वर न करता.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. त्याआधी नऊ दिवस ते तळेगावला दवाखान्यात होते. मुलाची चाकणला शिफ्ट, सून गरोदर, म्हणून मावशींचा धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहिला. कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्यानं पेज भरवायची, सगळं त्यानं केलं. अंत्यविधी लोणावळ्याच्या कबरस्तानात होता. गाडीतून शवपेटी दारापाशी उतरवली तेव्हा भावानं पुढे होऊन डाव्या बाजूला खांदा लावला. सर यादी घेऊन उभे होते. त्यांनी येऊन भावाचं मनगट धरलं, पेटीवरचा हात काढला आणि म्हणाले, मंडळीतले खांदे पुरेत. भाऊ मागे सरकला आणि सगळ्यांच्या शेवटी चालत आला.

"त्यानं काय बी म्हनलं न्हाई, ताई," मावशी म्हणाल्या. "मी बी न्हाई. मालकांची पेटी म्होरं चाललेली आन मी मागं वळून भावाच्या त्वांडाकडं बगत हुते."

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी सभा घेतली, सगळ्यांना चहा केला, सरांनाही केला. मग सभा हलवल्याचा निरोप आला.

"आदी माझी मानसं नको झाली, आता घर बी नको झालं. आसं वाटलं. खोटं आसंल, पन वाटलं." त्यांनी सूप झटकलं. "हे कुनाला सांगू नगा. माझ्या भावाला तर न्हाईच. त्यो इसरला आसंल."

मी म्हटलं, नाही सांगणार.

पाचच दिवसांत मी सांगितलं.

झालं असं, की नाताळच्या दोन दिवस आधी पाळकसाहेब घरी आले. चेहरा उतरलेला. कमिटीनं सहा घरांना लेखी नोटीस द्यायचं ठरवलं होतं. नव्या वर्षात उपासनेला आला नाहीत तर सभासदांच्या यादीतून नावं कमी होतील, प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा विधी, बंद होईल. कागदावर सरांची सही झाली होती, पाळकसाहेबांची राहिली होती. मला संताप आला. ज्या बाईचं दुःख कुणी विचारलंही नाही तिच्या दारात नोटीस लावायला निघालेत! पाळकसाहेबांना खरं कळलं तर ते सही करणार नाहीत, असं मी मनाशी म्हटलं. हे फक्त तुमच्या-माझ्यात, असं बजावून मी त्यांना सगळं सांगितलं, मनगट धरल्यापासून शेवटी चालण्यापर्यंत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नोटीस निघाली नाही. नाताळभर मी खुशीत होते. बावीस वर्षांचा अनुभव कामी आला, असं वाटत होतं.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मी नेहमीप्रमाणे चौथ्या बाकावर होते. शास्त्रभाग भावाशी समेट करण्याविषयीचा होता. पाळकसाहेब चांगलं बोलत होते, नेहमीपेक्षा चांगलं. मग ते थांबले आणि म्हणाले, "कधी कधी दुःखात एखादा हात खांदा द्यायला येतो. तो आपल्यातला नाही म्हणून आपण तो बाजूला काढतो. हे आपल्याच कबरस्तानाच्या दारात झालं आहे."

नाव कुणाचंच घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. त्या अंत्यविधीला अर्धं चर्च हजर होतं. पहिल्या बाकावर सर बसले होते आणि त्यांची मान मागून लाल होताना मला दिसली. मग मला पुलपिटासमोरचा, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठासमोरचा, स्टँड दिसला, त्यावर लावलेला मोबाईल आणि त्याचा लुकलुकणारा लाल ठिपका. भाज्याला पडवीत हे चालू होतं. पुढचं शेवटचं गीत मी उभं राहून म्हटलं असेल, मला ते आठवत नाही.

दारात पाळकसाहेब सगळ्यांशी हात मिळवत होते. माझा हात धरून हळूच म्हणाले, "बोललो शेवटी."

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

ते गोंधळले. म्हणाले, "नाव नाही घेतलं मी." त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं काहीतरी होतं, ते विझलं. हाच प्रश्न त्यांनाही मला विचारता आला असता. त्यांनी विचारला नाही. तेवढा सभ्यपणा त्यांच्यात होता आणि मला तोही सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलनं मळवलीला उतरले. पुलावरून चालताना काय बोलायचं ते जुळवत होते. नोटीस निघणार होती, ती थांबवायला म्हणून, तुमच्याच भल्यासाठी. वाक्यं चांगली जुळली होती. मावशींनी मला बघितलं, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. बसा म्हणाल्या नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, मी शब्द मोडला. पाळकसाहेबांना मीच सांगितलं." जुळवलेलं बाकीचं सगळं तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या. मला वाटलं, शिकलेलं मानूस गोष्ट पोटात ठिवतं."

मग काय झालं ते त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी फोनवर उपासना चालू असताना त्यांची भावजय पडवीत आली होती. तिनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळी भाऊ आला. मावशींना वाटलं होतं, तो विसरला असेल किंवा मनात धरून बसला असेल. दोन्ही नव्हतं. त्या दिवशी सरांनी हात काढला तेव्हा भावाला वाटलं होतं, की ख्रिस्ती लोकांत तशी रीतच असेल, बाहेरच्यानं खांदा द्यायचा नसेल. दुसऱ्याच्या रितीच्या आड आपण कशाला यावं, म्हणून तो बाजूला झाला होता. त्याच्या मनात काहीच नव्हतं.

"आन आता त्याला कळलं," मावशी म्हणाल्या, "का रीत न्हवती."

एवढ्या वर्षांच्या कामात माझ्याकडून चुका झाल्या नाहीत असं नाही. पण ज्याच्या अंगावर जखम नव्हती त्याला मी ती करून दिली, असं आधी कधी झालं नव्हतं. शाळेत नव्या समुपदेशक मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, की विश्वासात सांगितलेली गोष्ट चांगल्या कारणासाठी फोडावी असं वाटेल तेव्हा सगळ्यात जास्त सावध राहा. आता ते वाक्य माझंच मला सोसत नव्हतं.

मी विचारलं, आता काय व्हावं असं वाटतं तुम्हाला? खरं म्हणजे हा प्रश्न नोव्हेंबरात विचारायचा होता, मीही आणि कमिटीनंही.

"सरांनी माझ्याकडं येऊ नये," त्या म्हणाल्या. "त्येच्याकडं जावं. आन घोळका घिऊन नगं."

हे सांगायला सोपं, घडवायला दीड महिना गेला. सरांनी त्या रविवारीच कमिटीचा राजीनामा दिला होता. भर चर्चमध्ये आपल्याला उघडं पाडलं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाळकसाहेब घाबरून माझ्याकडे आले. सरांना तुम्ही भेटा, म्हणाले. तुमचं ऐकतील ते.

"नाही," मी म्हटलं. हा एक शब्द मला दोन महिन्यांनी सुचला. "तुम्ही त्यांच्याविषयी पुलपिटवरून बोललात. तुम्हीच त्यांच्या घरी जा. जे घरात बोलायचं ते मी सगळ्यांसमोर बोललो, चुकलं माझं, एवढंच म्हणा. पुढे 'पण' लावू नका."

ते गेले. सरांनी त्यांना तासभर बसवून चर्चच्या गळक्या कौलांविषयी सांगितलं आणि दाराशी सोडायला येताना म्हणाले, बघू. पाळकसाहेब निराश होऊन आले. मी त्यांना म्हटलं, तासभर बसवलं ना, मग झालं. पण पुढचा पंधरवडा काहीच घडलं नाही. सर भेटले की मला एकच सांगायचे, मला असं काही केल्याचं आठवत नाही, त्या दिवशी हजार गोष्टी होत्या. एकदा भर बाजारात भाजीच्या गाडीसमोर मी म्हणाले, "तुम्हाला आठवत नाही, सर, पण मावशींना दोन वर्षं दुसरं काही आठवत नाही." त्यांनी कोथिंबिरीची जुडी परत ठेवली आणि निघून गेले. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकसाहेबांना फोन केला, शनिवारी जाऊ या म्हणून.

तोवर कमिटीला बातमी लागली. सगळ्यांनी जावं, केक न्यावा, समेटाचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा, म्हणजे इतर मंडळ्यांना साक्ष होईल, असं ठरायला लागलं. मी तीन जणांशी फोनवर भांडले. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, की तुम्हाला आनंदाचं वावडं आहे. शेवटी पाळकसाहेबांच्या गाडीत आम्ही तिघंच निघालो.

मावशींचा भाऊ साठीचा, अंगानं सडसडीत. शनिवार-रविवारी एका बंगल्यावर राखणदारी करतो, एरवी घरची शेती. अंगणात कुंपणाच्या तारा ओढत होता. सर आमच्याकडच्या रितीनं म्हणाले, "सलाम." तो म्हणाला, "जय भीम." त्यानं आतून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. मावशी शेजारच्या आपल्या दारात उभ्या होत्या, इकडे आल्या नाहीत.

सरांनी घसा साफ केला. "मला नीट आठवत नाही, पण तसं काही झालं असेल तर..."

गाडीत मी तीनदा सांगितलं होतं, 'असेल तर' म्हणू नका. मी जमिनीकडे बघत राहिले.

"झालंच," भाऊ शांतपणे म्हणाला. "आसंल-बिसंल न्हाई, सर. मी हुतो की तितं."

पाळकसाहेब बोलायला गेले तेव्हा मी त्यांच्या बाहीला हात लावला.

"नऊ दिस मी दाजींना उचलत हुतो," भाऊ पुढे म्हणाला. "उठवायचं, बसवायचं, कुशीवर करायचं. त्येंचं वजन मला ठावं हुतं. म्हनून खांदा लावला. येगळं काय मनात न्हवतं."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. म्हणाले, "तुम्ही त्यांचे कोण, हे मी विचारायला हवं होतं. न विचारता हात काढला. चुकलो मी."

"व्हय," तो म्हणाला. "इचारायला पायजे हुतं."

त्यानं मान हलवली नाही, हात पुढे केला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही. बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा पिताना यंदाचा इंद्रायणी भात कसा झाला आणि डोंगराच्या कडेला बंगले किती झाले यावर बोलणं झालं. निघताना सर मावशींच्या दाराकडे वळले तेव्हा त्या आत गेल्या होत्या.

परतताना एक्स्प्रेसवेच्या पुलाजवळ गाड्या अडकल्या होत्या. तिथे थांबलो असताना सर, मागच्या सीटवरून, कुणी न विचारता सांगायला लागले. त्यांच्या वडिलांच्या अंत्यविधीला खांदे देण्यावरून भाऊबंदांत ओढाओढ झाली होती आणि पेटी एका बाजूनं खाली आली होती. तेव्हापासून ते दर वेळी आधी सहा नावं लिहून काढतात. त्या सहांशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत.

मी वळून म्हटलं, "अहो, हे तिथे का नाही सांगितलंत?"

"तिथे सांगितलं असतं तर ती सबब झाली असती," सर म्हणाले.

एवढे महिने ज्यांना शिकवायला जीव आटवला त्यांनी एक गोष्ट न शिकवता बरोबर केली, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी चिडचिड झाली.

सरांनी राजीनामा मागे घेतला. मार्चमध्ये मंडळीची वार्षिक सभा झाली. अहवाल सरांनीच वाचला. त्यात होतं, 'भाजे येथील सभासदांसोबत निर्माण झालेला गैरसमज प्रभूच्या कृपेने दूर झाला.' मी उठले आणि म्हटलं, हा शब्द बदला. गैरसमज झाला नव्हता. माणसाचा हात काढला होता, घरातली सभा न विचारता नेली होती, आणि विश्वासात सांगितलेलं मी फोडलं होतं. यातलं काहीच गैरसमज नाही. लोक माझ्याकडे अवघडून बघत होते. सर म्हणाले की अहवालाला एक भाषा असते. तेव्हा पाळकसाहेब उभे राहिले. म्हणाले, "बाई म्हणतात ते खरं आहे. आणि मी ती गोष्ट पुलपिटवरून बोललो, त्याचीही नोंद घ्या."

सरांनी नोंद घेतली. पाळकसाहेबांच्या चुकीचं एक वाक्य सुवाच्य अक्षरात वाढवलं. वरचा 'गैरसमज' तसाच राहिला.

सभा भाज्याला परत मावशींच्या पडवीत भरते. नव्या कुटुंबांसाठी मळवलीच्या हॉलमध्ये वेगळी भरते. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. सहांपैकी तीन घरं ईस्टरला लोणावळ्याला आली. मावशी आल्या नाहीत. पाळकसाहेब आता कुणी काही सांगायला आलं की मध्येच थांबवून विचारतात, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगितलंत का? काहींना ते तुटक वाटायला लागलेत आणि दोघांनी कमिटीकडे तशी तक्रारही केली आहे. त्या तक्रारीचं काय करावं हे विचारायला कमिटीतले एक जण परवा माझ्याकडे आले होते. पाळकसाहेबांशीच बोला, एवढं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

महिन्यातून एखादा रविवार मी भाज्याच्या सभेला जाते. मावशी गीत उचलतात, मी मागे म्हणते. सभा संपली की त्या मला चहा देतात, बाळ आता पळायला लागलं ते दाखवतात, निघताना पिशवीत तांदूळ घालतात. बोलतात सगळं, पण मला काही सांगत नाहीत. मीही विचारत नाही.